स्मार्टफोनचा मालक की कूळ?

(हिंगोली येथील व्याख्यानाचा मजकूर)



हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याने शेतात सोयाबीन पेरले की हळद लावली, याची सरकारदरबारी नोंद करायची तर आज त्याच्या हाती स्मार्टफोन असावा लागतो. पूर्वी हे काम तलाठ्याच्या लेखणीचे होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि बांधावर उभे राहून छायाचित्र काढण्याची, गट नंबर भरण्याची व ती माहिती मुदतीत पाठवण्याची जबाबदारी मुख्यतः शेतकऱ्यावर आली. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी गावपातळीवर सहायक नेमले जातात, हे खरे. परंतु ही नोंद म्हणजे केवळ एक कागदी उपचार नव्हे. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी पाच हजार रुपयांचे अर्थसाहाय्य जाहीर झाले, तेव्हा ई-पीक पाहणीतील नोंद हीच त्याची अट होती. ओरड झाल्यावर ती अट शिथिल करावी लागली. म्हणजे ज्याच्या फोनने दगा दिला, त्याच्या पदरचे पैसेही काही काळ अडले.

शासनाने नागरिकाच्या हक्काची वाट एका यंत्रातून नेली, की त्या यंत्रावर सत्ता कोणाची हा प्रश्न खासगी राहत नाही. प्रस्तुत विषयाचा गाभा हा आहे. फोनमध्ये कंपनीने घातलेली बंदिस्त कार्यप्रणाली ठेवावी, की ती काढून स्वयंसेवी तंत्रज्ञांनी तयार केलेली स्वतंत्र कार्यप्रणाली घालावी, ही चर्चा महाविद्यालयीन तरुणांत हौशीने चालते. तिला ते कस्टम रॉम म्हणतात. वडीलधाऱ्यांना तो पोरखेळ वाटतो. वस्तुतः तो मालकीहक्काचा प्रश्न आहे.

यंत्राची रचना थोडक्यात समजून घेतली पाहिजे. फोन चालू केला की सर्वांत आधी बूटलोडर नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम जागा होतो आणि तो पुढची कार्यप्रणाली स्मृतीत आणतो. ही कार्यप्रणाली कंपनीच्या सहीशिक्क्याची आहे की नाही, हे तो तपासतो. सहीशिक्का दुसऱ्याचा असेल तर कुलूप लावलेला बूटलोडर तिला आत येऊ देत नाही. काही कंपन्या हे कुलूप उघडू देतात, काही मुळीच देत नाहीत. काहींकडे त्यासाठी अर्ज करून, कंपनीचे खाते जोडून, ठरावीक दिवस वाट पाहावी लागते. रोख पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूचे कुलूप काढण्यासाठी विक्रेत्याकडे अर्ज! घराची विक्री झाल्यावर जुन्या मालकाने किल्ली स्वतःजवळ ठेवली, तर हिंगोलीतील कोणताही खरेदीदार ते मुकाट्याने सोसणार नाही.

मराठवाड्याला या नात्याची ओळख जुनी आहे. जमीन कसणारा एक आणि तिच्यावर हुकूम चालवणारा दुसरा, ही व्यवस्था मोडण्यासाठी निजामी राजवट गेल्यानंतर हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० मध्ये आला आणि संरक्षित कुळाला कायद्याने पाय रोवता आले. स्मार्टफोनचा ग्राहक एका अर्थी त्या कुळाहूनही दुबळा आहे. कूळ निदान खंड देत असे, जमिनीची पूर्ण किंमत देत नसे. येथे ग्राहक पूर्ण किंमत देतो आणि तरीही कोणती ॲप्स काढता येतील, फोन किती वर्षे सुरक्षित राहील, हे दुसराच ठरवतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा गाभा आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेले ते काम जगभरच्या हजारो लोकांच्या श्रमांतून वाढले, आणि कोणीही वाचावे, बदलावे व वाटावे अशा परवान्याखाली ते आजही खुले आहे. अँड्रॉइडचा मूळ भागही खुला आहे. पण त्यावर गुगलच्या सेवांचा थर चढतो, फोन बनवणाऱ्याचे कुलूप बसते, आणि मग सार्वजनिक श्रमांतून उभे राहिलेले गायरान कुंपणाआड जाते. याच खुल्या भागातून स्वतंत्र कार्यप्रणाल्या निर्माण झाल्या. २००९ मध्ये सायनोजेनमॉड आली. डिसेंबर २०१६ मध्ये ती बंद पडली तेव्हा तिचा वारसा लिनेजओएसने घेतला. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले अनेक जुने फोन या प्रणालीमुळे पुढे कितीतरी दिवस कामाला येतात. ज्या घरात एक फोन शेतकरी बाप, शिकणारी मुलगी आणि बचत गटाचा हिशेब ठेवणारी आई यांच्यात फिरतो, त्या घराला ही दोन-तीन वर्षे मोलाची आहेत.

जुन्या, अपुऱ्या यंत्राचा भार कोणावर पडतो, हे अंगणवाडी सेविकांनी सर्वांना दाखवून दिले आहे. पोषण अभियानासाठी शासनाने त्यांना फोन दिले. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर ॲप आले. फोनची स्मृती तुटपुंजी, ॲप जड, भाषा इंग्रजी, हमीची मुदत संपलेली, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या मानधनातून. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. त्या आंदोलनाकडे मानधनाच्या मागणीची एक बाजू म्हणून पाहिले गेले. पण हातात दिलेले यंत्र आपल्याला हलके करता येत नाही, आपल्या भाषेत बोलायला लावता येत नाही, आणि त्याच्या अपयशाची शिक्षा मात्र आपल्याला, ही त्यामागची तक्रार होती. श्रमाच्या साधनांवर श्रमिकाचा ताबा नसणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे अवघड.

मग प्रत्येकाने कुलूप तोडावे काय? येथे उत्साहाच्या भरात वाहून जाऊन चालणार नाही. कुलपाच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. पीएम-किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली बनावट फाइल उघडली आणि खात्यातील रक्कम गेली, असे गुन्हे घडले आहेत. पोलिसांना त्याबद्दल वारंवार इशारे द्यावे लागले आहेत. हरवलेला फोन चोराला सहज पुसून वापरता येऊ नये, कोणी गुपचूप कार्यप्रणाली बदलून पाळत ठेवू नये, यासाठी कुलपाचा उपयोग आहे. उघड्या बूटलोडरचा फोन या दृष्टीने दुबळाच असतो. शिवाय स्वतंत्र कार्यप्रणालीला चिप बनवणाऱ्या कंपनीच्या गुप्त भागातील दोष दुरुस्त करता येत नाहीत, हेही तिच्या पुरस्कर्त्यांनी प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

पण कुलूप आवश्यक आहे एवढ्यावरून किल्ली कंपनीकडेच असावी, हे सिद्ध होत नाही. ग्राफीनओएस ही स्वतंत्र कार्यप्रणाली गुगलच्याच पिक्सेल फोनवर चढवून, नव्या किल्लीने बूटलोडरला पुन्हा कुलूप लावता येते. सुरक्षितताही राहते आणि निवडही. अर्थात पिक्सेल फोनची किंमत सेनगाव-कळमनुरीच्या अल्पभूधारकाला परवडणारी नाही, आणि वर्गभेदाचा मुद्दा उपस्थित होतो तो इथेच. जे फोन महाग किंवा लोकप्रिय आहेत, ज्यांच्या चिपची माहिती उपलब्ध आहे, त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यप्रणाली मिळण्याचा संभव अधिक. आठवडी बाजाराच्या दिवशी हप्त्यावर घेतलेल्या स्वस्तातल्या फोनसाठी ती बहुधा मिळतच नाही. ज्याला फोन जास्त वर्षे टिकण्याची सर्वाधिक गरज, त्यालाच तो टिकवण्याचे साधन नाही.

आणि समजा, एखाद्या खटपट्या मुलाने वडिलांच्या जुन्या फोनवर लिनेजओएस चढवली. पुढे काय? गुगलने प्ले इंटिग्रिटी नावाची एक तपासणी ठेवली आहे. हा फोन आपल्या मान्यतेचा आहे की नाही, हे ती ॲपला सांगते. बँकांची व पैसे देण्याघेण्याची अनेक ॲप्स या दाखल्याशिवाय चालण्यास नकार देतात. कंपनीने वर्षानुवर्षे सुरक्षा-दुरुस्ती न दिलेला जुना फोन या परीक्षेच्या नेहमीच्या पायऱ्या पार करू शकतो, आणि ताज्या दुरुस्त्या असलेला स्वतंत्र कार्यप्रणालीचा फोन नापास होऊ शकतो. सुरक्षिततेच्या नावाखाली येथे आज्ञाधारकपणा तपासला जातो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. हळद विकून आलेली रक्कम फोनवर पाहायची असेल, तर निवडीचे सर्व स्वातंत्र्य तिथेच संपते.

ही मक्तेदारी आपोआप झालेली नाही. काही तरुणांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १३३७.७६ कोटी रुपये दंड ठोठावला. फोन बनवणाऱ्यांनी अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्त्या काढू नयेत, यासाठी त्यांना करारांनी बांधून ठेवले होते, ही गोष्ट त्या निकालाने ठसठशीतपणे पुढे आली. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु आयोगाच्या दहा निर्देशांपैकी चार रद्द केले. गुगलच्या सेवा स्वतंत्र आवृत्त्यांनाही वापरता याव्यात या हेतूचा निर्देश त्या चारांत होता. दंडाचा आकडा वर्तमानपत्रांनी मोठ्या टाइपात छापला, पण सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने ज्याला महत्त्व होते ते बारीक टाइपात गेले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केले की, तिच्याकडे ओळख नोंदवलेल्या विकासकांचीच ॲप्स मान्यताप्राप्त अँड्रॉइड फोनवर बसतील, आणि ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने जगभर लागू होईल. विरोध झाल्यावर जाणकारांसाठी एक वेगळी वाट ठेवू, असे नोव्हेंबरमध्ये सांगण्यात आले. ॲपलच्या बाबतीत तर कार्यप्रणाली बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

परकी कंपनी काढून स्वदेशी कंपनी आणली की प्रश्न सुटेल, असे मानणारा एक पक्ष आहे. त्याने मुंबईच्या इंडस ओएसचा इतिहास पाहावा. आयआयटी मुंबईच्या पदवीधरांनी अँड्रॉइडवर उभारलेली ही प्रणाली २०१५ च्या सुमारास मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनांत मराठीसह अनेक भारतीय भाषा घेऊन आली. तिचा भाषाविचार स्तुत्य होता. पण बाजार चिनी कंपन्यांनी काबीज केला, तिचा आधार असलेले देशी उत्पादक मागे पडले, आणि ती कंपनी ॲप-दुकानाच्या धंद्याकडे वळून अखेर फोनपेच्या ताब्यात गेली. जानेवारी २०२३ मध्ये भारओएसचा मोठा गाजावाजा झाला. ती मोजक्या, गोपनीयतेची विशेष गरज असलेल्या संस्थांसाठी आहे, हे त्याच वेळी सांगण्यात आले होते. धन्याचा मुलूख बदलला म्हणून कुळाचे कूळपण जात नाही.

सरकार स्वतः किल्लीदार झाले तर काय होईल, याची चुणूकही मिळाली आहे. २८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच बसवण्यास कंपन्यांना सांगितले. देशभर टीका झाली आणि ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली गेली. ॲप उपयुक्त आहे की नाही, हा येथे मुद्दाच नाही. बंदिस्त फोन हे असे दार आहे की ज्यातून आज कंपनी आत येते, उद्या शासन येऊ शकते, आणि घरधन्याला विचारण्याची दोघांनाही गरज वाटत नाही. आणीबाणी पाहिलेल्या पिढीला हे अधिक समजावून सांगावे लागू नये.

याउलट सार्वजनिक संस्थांनी ठरवले तर काय करता येते, याची उदाहरणे आहेत. केरळच्या सरकारी शाळांनी संगणकांवर मुक्त कार्यप्रणाली आणली आणि ती वर्षानुवर्षे चालवून दाखवली. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. लायगोच्या शास्त्रज्ञांनी विश्लेषणासाठी लिहिलेली मुख्य सॉफ्टवेअरे मुक्त परवान्याखाली कोणालाही वाचता येतात. विश्वाच्या पल्याडहून आलेल्या लहरींचा हिशेब उघडा, आणि शेजारच्या शेतकऱ्याने स्वतःच्या वावरातील पिकाची नोंद ज्या यंत्रावर केली ते मात्र बंद, अशी ही विसंगती एकाच तालुक्यात नांदणार आहे.

तेव्हा आज एखाद्या शेतकऱ्याने विचारले की, माझ्या फोनमध्ये काय ठेवू, तर त्याला सरसकट स्वतंत्र कार्यप्रणालीचा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. ज्याचे बँकेचे सारे व्यवहार एकाच फोनवर आहेत, त्याने त्या फोनशी प्रयोग करू नयेत. बाजूला पडलेला जुना फोन मात्र जरूर जिवंत करावा. तंत्रनिकेतनातील मुलांनी हे कसब शिकावे आणि आपल्या गावात ते उपयोगी आणावे. पण व्यक्तिगत कौशल्यावर हा प्रश्न सोपवणे म्हणजे कूळकायदा न करता प्रत्येक कुळाला वकील गाठायला सांगण्यासारखे आहे.

मागणी शासनाकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे केली पाहिजे. कंपनीने एखाद्या मॉडेलची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली की त्याचे कुलूप उघडण्याचा विनामूल्य हक्क ग्राहकाला कायद्याने मिळावा. युरोपीय संघाने जून २०२५ पासून एवढे तरी केले आहे की, मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे कार्यप्रणालीच्या सुधारणा द्याव्या लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती-हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, पण सॉफ्टवेअरचे कुलूप त्या विचाराच्या परिघाबाहेरच राहिले. बँकांनी एका खासगी कंपनीचा दाखला हीच सुरक्षिततेची एकमेव कसोटी मानू नये. साध्या फोनवरून चालणारी युपीआय १२३पे ही सेवा रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केली, यावरून दुसऱ्या वाटा काढता येतात हे स्पष्ट आहे. आणि राज्यापुरते बोलायचे तर ई-पीक पाहणीसारखे सक्तीचे ॲप गुगलच्या सेवा नसलेल्या फोनवरही चालले पाहिजे, त्याचा मूळ आराखडा खुला असला पाहिजे, आणि ज्याचा फोन बंद पडला त्याची नोंद तलाठ्याने त्याच मुदतीत, कागदावर, पोच देऊन घेतली पाहिजे. यातील शेवटच्या गोष्टीसाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. पुढच्या खरिपाआधी जिल्ह्यातील ग्रामसभांनी तसे ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवता येतील.