वही लहान, पण रोजची
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. त्यांपैकी काहीजण नोकरी न धरता घरबसल्या स्वतंत्रपणे सॉफ्टवेअर तयार करून देतात. कोणाला दुकानाची वेबसाइट हवी असते, कोणाला दवाखान्याच्या नोंदींसाठी प्रोग्राम. हे काम त्यांना उत्तम येते. परंतु ग्राहक कसा सांभाळावा, हे अभ्यासक्रमात नसते. त्याविषयीच आज चार शब्द सांगणार आहे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याची हकीकत ऐका. तीन-चार कामे मिळताच त्याने ग्राहक-व्यवस्थापनाचे, ज्याला सीआरएम म्हणतात ते, मोठे सॉफ्टवेअर दरमहा पैसे भरून घेतले. असे साधन मुळात मोठ्या कंपनीच्या विक्री विभागासाठी असते. तेथे अनेक माणसे शेकडो ग्राहकांशी बोलत असतात आणि एकाचे बोलणे दुसऱ्याला कळावे लागते. हा तर एकटा! पंधरा दिवस त्याने सारे रकाने भरले, मग कंटाळला. काही नोंदी तेथे, काही व्हॉट्सॲपवर, काही डोक्यात. एके दिवशी त्याने एका वृद्ध व्यापाऱ्याकडे बाकी मागितली. त्या गृहस्थांनी काही न बोलता गल्ल्याजवळची वही उघडली. रक्कम दोन महिन्यांपूर्वीच दिल्याची तारखेसह नोंद होती. मुलगा अप्रामाणिक नव्हता, केवळ विसरला होता. पण पुढचे काम दुसऱ्याकडे गेले. तो मला म्हणाला, "सर, पैशांचे काही नाही, इज्जत गेली."

बंधूंनो, पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत कोणत्या विषयावर आहे? सूरह अल-बकराची ती २८२ वी आयत देण्याघेण्याचे मुदतीचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा आळस करू नये, अशी तिची शिकवण आहे. म्हणजे नोंद ठेवणे ही केवळ धंद्याची सोय नव्हे, ती अमानतदारी आहे.

मग साधन कोणते घ्यावे? माझे उत्तर सोपे आहे : जे तुम्ही रोज उघडाल ते. सुरुवातीला एक साधी स्प्रेडशीट पुरे. गूगल शीट्स फुकट मिळते आणि मोबाइलवरही चालते. त्या विद्यार्थ्यासह बसून आम्ही आठच रकाने आखले : ग्राहकाचे नाव, फोन, ठरलेले काम, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम व तारीख, काम स्वीकारल्याची तारीख, बाकी आणि पुढे काय करायचे व केव्हा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो रिकामा राहिला की ग्राहक विसरला गेला असे समजावे.

काम स्वीकारल्याची तारीख कशाला, असे तुम्ही विचाराल. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्याप्रमाणे, उद्यम नोंदणी केलेल्याचे पैसे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. तारीखच लिहिली नसेल तर दिवस मोजणार कोठून?

एकाच वेळी अनेक कामे चालू असतील, तर ट्रेलोसारख्या फलकावर 'ठरले', 'चालू', 'झाले' अशा उभ्या ओळी करून प्रत्येक कामाची चिठ्ठी पुढे सरकवता येते. मोठे सॉफ्टवेअर केव्हा घ्यावे? जोडीला दुसरा माणूस आला आणि एकाने दिलेला शब्द दुसऱ्याला कळेनासा झाला, तेव्हा. घेण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहा : आपल्या नोंदी त्यातून परत काढून घेता येतात की नाही? ज्या घराला बाहेर पडण्याचा दरवाजा नाही, त्यात सामान ठेवू नये.

आणखी एक सूचना. ग्राहकाचे पासवर्ड या तक्त्यात कधीही लिहू नका. त्यासाठी पासवर्ड सांभाळणारे वेगळे प्रोग्राम असतात. ग्राहकाची माहितीही अमानतच आहे. तक्त्याची एक प्रत दर महिन्याला दुसरीकडे काढून ठेवा.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी संगणकावर काय करते, हे आपल्याला कदाचित समजणार नाही. पण आपल्यापैकी अनेकांनी दुकान चालविले आहे, उधारीची वही सांभाळली आहे. रात्री जेवताना मुलांना एवढेच विचारा, "आजची नोंद केलीस का?" तुमचा हा प्रश्न कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

तो विद्यार्थी पुढे त्या व्यापाऱ्याकडे गेला, माफी मागितली आणि आपला नवा तक्ता दाखविला. काम लगेच मिळाले नाही. चहा मात्र मिळाला. सुरुवात तेथूनच होते.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.