हप्ता अडतो कुठे?

वैजापूर असो की सोयगाव, बँकेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: 'शेजाऱ्याला दोन हजार आले, माझे का नाही?'

पीएम-किसान योजना 2019मध्ये सुरू झाली. वर्षाला सहा हजार रुपये, तीन हप्त्यांत. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी सहा हजार. त्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर 2023मध्ये शिर्डीतून सुटला. म्हणजे वर्षाला बारा हजार. कपाशीच्या एका एकराचा खर्चही त्यात निघत नाही, तरी बियाण्याच्या वेळी हातात आलेली रक्कम मोलाचीच.

पैसे अडतात ते बहुधा तीन ठिकाणी. ई-केवायसी राहिलेली असते, जमिनीची नोंद पोर्टलवर जुळत नाही, किंवा बँक खात्याला आधार जोडलेला नसतो. गंमत अशी, की कधी पैसे आलेलेही असतात, पण आधार जोडलेल्या दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात!

लाभासाठी पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले मिळून एकच कुटुंब धरतात. सातबारावर नाव नसलेल्या बटईदाराला मात्र यातले काहीच मिळत नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

ई-केवायसी बाकी असेल तर आधार कार्ड घेऊन जवळच्या सेवा केंद्रात जा. ओटीपी कुणालाही फोनवर सांगू नका.