घरची बियर : खंडानंतरचा आरंभ

इंग्लंडांत घरीं बियर करण्यास १८८० च्या कायद्यानें परवाना लागूं लागला व ती जुनी रीत बहुतेक लोपली. १९६३ सालीं परवान्याची अट उठली आणि पुष्कळ घरांत हा उद्योग पुन्हां सुरू झाला. दीर्घ खंडानंतर आरंभ करणाऱ्या गृहस्थास हाताची संवय लवकर परत येते. परंतु सामग्री त्याची वाट पाहत नाहीं. मोड आणून वाळविलेले सातू सादळतात, हॉपच्या फुलांचा कडूपणा ओसरतो, आणि यीस्ट तर सजीव. त्याच्या पुष्कळशा पेशी मरून गेलेल्या असतात. असें दुर्बळ यीस्ट घातल्यास आंबण्यास विलंब लागतो, तेवढ्या अवधींत इतर जंतू शिरतात आणि कित्येक आठवड्यांचे श्रम फुकट जातात. यास्तव भांडीं निर्जंतुक करावींच; शिवाय जुनी पुडी टाकून ताजें यीस्ट आणावें. तेथें काटकसर करूं नये.