घोड्याचें वंशबीज आणि त्याच्या खुणा

घोड्याची परीक्षा बाहेरून करण्याची कला फार जुनी आहे. शालिहोत्राच्या नांवावर चालत आलेल्या अश्वशास्त्रांत रंग, बांधा, चाल आणि अंगावरचे भोंवरे यांवरून घोड्याचे गुणदोष सांगितले आहेत. आणि घोडा विकत घेणारा मनुष्य आजहि प्रथम त्याची छाती, पाय व दांत पाहतो. परंतु ज्या एका गुणावर त्याच्या कुळाचें सातत्य अवलंबून असतें, त्याची खूण या बाह्यांगावर कोठेंच उमटत नाहीं. मोठा देखणा व तेजस्वी घोडाहि निर्बीज असूं शकतो. या गुणाच्या खुणा अलीकडे शास्त्रज्ञांस सांपडूं लागल्या आहेत. त्या पेशींच्या पोटांत दडलेल्या असून कांहीं विशिष्ट प्रथिनांच्या रूपानें तेथें वास करतात. त्यांचीच थोडी ओळख आज श्रोत्यांस करून द्यावयाची आहे.

घोड्याच्या वृषणांत अतिसूक्ष्म नलिकांचीं वेटोळीं असतात. या नलिकांच्या भिंतीला लागून वंशाच्या मूळपेशी बसलेल्या असतात. त्यांचें विभाजन होत असतां कांहीं पेशी मूळपेशी म्हणूनच भिंतीपाशीं राहतात आणि बाकीच्या पुढच्या प्रवासाला निघतात. भिंतीकडून नलिकेच्या पोकळीकडे सरकत असतां त्यांचें रूप पालटत जातें, गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, शेंपूट फुटतें, आणि सुमारें ५७ दिवसांनीं शुक्रजंतु तयार होतो. प्रौढ घोड्याच्या शरीरांत असे अब्जावधि शुक्रजंतु रोज निपजतात. एवढा खर्च होऊनहि भांडवल आटत नाहीं, याचें कारण हेंच कीं मूळपेशी व्याज खर्चावयास देतात व मुद्दल राखून ठेवतात. मुद्दल बुडालें कीं त्या घोड्याचा वंश खुंटला.

मग हें मुद्दल ओळखावयाचें कसें? वृषणाचा पातळ काप नेहमींच्या रंगांत बुडवून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तर शेंपूट फुटलेला शुक्रजंतु कोणीहि ओळखील. पण भिंतीलगतच्या प्रारंभींच्या पेशी बहुतेक एकसारख्याच दिसतात. त्यांतील मूळपेशी कोणती आणि प्रवासाला निघालेली कोणती, हें नुसत्या रूपावरून ठरविणें कठीण आहे. एकाच गणवेषांतील शिपायांतून हुद्देदार निवडावयाचा तर खांद्यावरची पट्टी पाहावी लागते. पेशींतील विशिष्ट प्रथिन हीच ती पट्टी होय.

ही पट्टी डोळ्यांना दिसावी म्हणून जी युक्ति योजतात, तिच्यामागील तत्त्व आपणांस अगदीं अपरिचित नाहीं. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या नांवाशीं निगडित असलेलें सर्पदंशावरील औषध आपण ऐकून आहां. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोंचल्या म्हणजे त्याच्या रक्तांत नेमकें त्या विषालाच जाऊन चिकटणारें प्रतिद्रव्य तयार होतें, आणि तेंच पुढें औषध म्हणून उपयोगी पडतें. त्याचप्रमाणें हव्या त्या प्रथिनाविरुद्ध सशासारख्या प्राण्याच्या रक्तांत प्रतिद्रव्य तयार करवितात, त्याला रंगाची जोड देतात आणि तें वृषणाच्या कापावर सोडतात. जेथें तें प्रथिन असेल तेथें रंग बसतो. बाकीचा धुऊन जातो.

या प्रथिनांपैकीं एकाचें नांव व्हासा. हें नांव मोठें अर्थपूर्ण आहे. फळमाशीवर काम करणाऱ्या संशोधकांस असे कांहीं आनुवंशिक दोष आढळले कीं, ते असलेल्या मादीच्या अंड्यांतील गर्भांत बीजपेशीच तयार होत नसत. १९८६ सालीं त्यांनीं या दोषांस यूरोपांतील निर्वंश झालेल्या राजघराण्यांचीं नांवें दिलीं: व्हासा, ट्यूडर, व्हाल्वा. माशीपासून मनुष्यापर्यंत व्हासा प्रथिन ही बीजपेशींची खूण ठरली आहे. दुसरें प्रथिन डॅझल. त्याच्याच गोतांतील जनुकें मनुष्याच्या वाय गुणसूत्रावरून गळालीं तर पुरुष निर्बीज होऊं शकतो, हें १९९५ सालीं दिसून आलें. एक वर्षाच्या आंतील शिंगराच्या बीजपेशींत डॅझल असतें; घोडा वयांत आल्यावर तें गुणसूत्रें निम्मीं करण्याच्या उद्योगास लागलेल्या पेशींतहि दिसतें. तिसरें यूटीएफ-१. शिंगराच्या बहुतेक बीजपेशींच्या केंद्रांत तें सांपडतें, पण प्रौढ घोड्यांत भिंतीलगतच्या मोजक्या पेशींपुरतेंच उरतें. तेव्हां डॅझलनें रंगलेल्या पेशींच्या मोठ्या मेळ्यांतून यूटीएफ-१ हा आरंभींच्या पेशींचा लहानसा गट वेगळा काढतो.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. या विषयांतील बहुतेक ज्ञान प्रथम उंदरावरून मिळालेलें आहे, आणि उंदराची खूण घोड्यास जशीच्या तशी लागू पडेलच असें नाहीं. ती प्रत्येक जातींत नव्यानें पडताळून पाहावी लागते. शिवाय मूळपेशीची खरी कसोटी तिच्या करणीवर आहे. १९९४ सालीं अमेरिकेंत राल्फ ब्रिन्स्टर यांनीं एका उंदराच्या बीजपेशी दुसऱ्या, निर्बीज उंदराच्या वृषणांत सोडल्या, आणि तेथें पहिल्याचे शुक्रजंतु तयार झाले. घोड्यासारख्या मोठ्या प्राण्यांत ही कसोटी लावणें सोपें नाहीं. म्हणून वरील खुणा धारण करणाऱ्या त्याच्या पेशींस शास्त्रज्ञ संभाव्य मूळपेशी एवढेंच म्हणतात.

या खुणा किती बोलक्या आहेत तें खेंचराच्या उदाहरणावरून कळून येईल. घोड्याचीं गुणसूत्रें ६४, गाढवाचीं ६२, आणि त्यांच्या संकरांतून जन्मलेल्या खेंचराचीं ६३. या गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहींत, म्हणून नर खेंचर निर्बीज असतो. परंतु २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत घोडा, गाढव व खेंचर या तिघांच्याहि वृषणांत प्रारंभींच्या बीजपेशींचीं तींच प्रथिनें आढळलीं. म्हणजे खेंचराचें बीज नष्ट झालेलें नसतें. तें वाटेंत अडतें. बीज मुळींच नसणें आणि असलेलें बीज पिकूं न शकणें, या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. एखाद्या घोड्यापासून संतति होत नाहीं, तेव्हां त्यास सरसकट वांझ म्हणून बाजूस सारण्यापूर्वीं यांपैकीं कोणती गोष्ट घडली आहे हें पाहणें अगत्याचें आहे, आणि तें पाहण्याचें साधन या खुणांनीं दिलें आहे.

याहून मोठा प्रश्न खच्ची केलेल्या घोड्यांचा आहे. शिंगरूं शांत व आज्ञाधारक व्हावें म्हणून तें लहानपणींच खच्ची करतात. त्याचें तेज मात्र पुढें धांवतांना प्रकट होतें. अमेरिकेंतील केल्सो हा घोडा १९६० ते १९६४ अशीं सलग ५ वर्षें त्या त्या वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरला. परंतु तो खच्ची केलेला असल्यामुळें त्याचा वंश राहिला नाहीं. कोवळ्या शिंगराजवळ गोठवून ठेवण्यास शुक्रजंतु नसतात, पण मूळपेशी असतात. बोकडांत एकाच्या बीजपेशी दुसऱ्याच्या वृषणांत सोडून त्यांपासून करडें जन्मल्याचें उदाहरण आहे. घोड्यांत ही मजल अद्याप गांठावयाची आहे, आणि जी पेशी राखावयाची ती ओळखतां येणें हें तिचें पहिलें पाऊल होय. भीमथडीच्या तट्टांसारख्या, संख्येनें थोड्या उरलेल्या जातींच्या बाबतींत एका शिंगराचें बीज वांचणें हीहि लहान गोष्ट नव्हे.

भोंवरे पाहून घोडा पारखणाऱ्या आपल्या पूर्वजांची जिज्ञासा खरी होती. अंगावरच्या खुणांवरून अंतरींचें जाणावें हीच त्यांची आकांक्षा होती. आजचा शास्त्रज्ञ तीच आकांक्षा घेऊन सूक्ष्मदर्शकापाशीं बसला आहे, आणि सांपडलेली खूण पुनःपुन्हां पारखून घेण्याचें पथ्य त्यानें पाळलें पाहिजे.