निष्ठेचा लाभ कोणाला?

प्रवासी मोटारींच्या निर्मितीवरील परवान्याचे बंधन १९९३ साली उठले. तोवर ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे ताटकळत असे. विक्रेत्याचे त्याच्यावाचून काही अडत नसे. आज तोच विक्रेता जुन्या ग्राहकाला ‘निष्ठेची सवलत’ देऊ करतो. परंतु एका हाताने दिलेले विमा, जोडसामान व कर्ज यांतून दुसऱ्या हाताने काढून घेता येते. जुना ग्राहक संकोचाने घासाघीस करीत नाही, अन्यत्र भाव विचारीत नाही. म्हणूनच त्याच्या निष्ठेचा लाभ दुकानदाराला होतो. विमा कोठून उतरवावा हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. तो त्याने बजावावा. मालकावरील निष्ठेने कामगाराचे वेतन वाढले नाही, ते संघटनेने वाढले. चार ग्राहकांनी एकत्र येऊन लेखी भाव मागावा, हाच त्याचा धडा.