काचेतले मासे आणि गेलेली वीज

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली आहे. मी ट्रॉम्ब्याला राहतो, म्हणून ती मला जरा जास्त जवळची. इथं १९५६ साली औष्णिक वीजकेंद्र सुरू झालं. त्याची उंच धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात. मुंबईला वीज पुरवणाऱ्या गावात राहणाऱ्या माणसानं वीज जाण्याची काळजी कशाला करावी? मीही करत नसे. ती काळजी मला पाच माशांनी शिकवली. आज त्यांचीच गोष्ट तुम्हांला सांगणार आहे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, मासे हा माझा विषय नव्हे. पण चूक करून शिकलेला माणूस कधीकधी बरा शिक्षक होतो.

तो दिवस १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. करोनाचे दिवस. कॉलेज बंद होतं आणि मी घरूनच वर्ग घेत होतो. सकाळी दहाच्या सुमारास वीज गेली. कळव्याकडून मुंबईला येणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या होत्या, आणि शहराचा पुरवठा एकदम कोसळला होता. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, विद्यापीठाच्या परीक्षा पुढं ढकलाव्या लागल्या. वर ऑक्टोबरचा उकाडा.

आमच्या बाहेरच्या खोलीत दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची पेटी होती. तीत चौदा गोल्डफिश. हवेचा पंप थांबला, बुडबुडे थांबले. तासाभरानं मुलगी म्हणाली, “बाबा, सगळे मासे वर येऊन तोंड उघडतायत. भूक लागली असेल त्यांना.” मी म्हटलं, “मग घाल थोडं खायला.” श्रोतेहो, त्या दिवशीची माझी सर्वांत मोठी चूक ती.

आमच्या शेजारी कोळीवाड्यातल्या एक मावशी राहतात. साऱ्या जन्माचा माशांचा धंदा. दुपारी त्या दारात आल्या, पेटीकडं बघितलं आणि म्हणाल्या, “मास्तर, नुसतं बघत काय बसलात? पाणी हलवा. उभं पाणी माशाला मारतं.” आणि आमच्याच स्वयंपाकघरातला लोटा घेऊन त्या पेटीतलं पाणी वरून पेटीतच ओतू लागल्या. तोवर पाच मासे गेले होते. उरलेले नऊ त्या लोट्यानं वाचवले.

मागाहून मी या विषयावरची पुस्तकं चाळली, हिशेब मांडला, आणि मावशींचं वाक्य अक्षरशः खरं निघालं. माणसासारखाच माशालाही प्राणवायू लागतो. तो तो पाण्यात विरघळलेल्या हवेतून कल्ल्यांनी घेतो. पण पाण्यात प्राणवायू मावतो फार थोडा. वीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, आणि तीस अंशाला साडेसातच. म्हणजे पाणी तापलं की साठा घटतो, आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढते. आमच्या पेटीत पन्नास लिटर पाणी. त्यातला सगळा प्राणवायू एकत्र केला तर तो दीड लिटर हवेत असतो तितकाही भरत नाही. चौदा जिवांची सारी शिल्लक एवढीच! हातावर पोट असलेल्या कुटुंबासारखी ही पेटी. कमाई रोजच्या रोज, गाठीला काही नाही. एक दिवस काम बंद पडलं की चूल बंद.

मग ही कमाई येते कुठून? पुष्कळांना वाटतं, पंप हवा पाण्यात कोंबतो. खरं तर बुडबुड्यांतून थेट मिळणारा प्राणवायू थोडाच. बुडबुडे वर चढताना तळाचं पाणी वर आणतात आणि वरचं खाली ढकलतात. पाणी हवेला लागतं ते पृष्ठभागावर, आणि प्राणवायू तिथूनच आत शिरतो. पाणी ढवळायचं थांबलं की तळाकडची कमाई थांबते. म्हणून मासे वर येतात. आणि आम्ही त्यांना भूक लागली समजून दाणे घातले! खाल्लेलं पचवायला माशाला जास्त प्राणवायू लागतो, आणि न खाल्लेलं कुजताना तोच प्राणवायू खातं.

आता वीज गेल्यावर काय करावं ते सांगतो. पहिली गोष्ट, खायला काही घालू नका. धडधाकट मोठा मासा दोन-चार दिवस उपाशी सहज राहतो. दुसरी, पेटीवरचं झाकण काढा. मासे उड्या मारणारे असतील तर वर जाळी ठेवा. तिसरी, लोटा घ्या. पेटीतलंच पाणी भरून वीतभर उंचीवरून ओता. दर पंधरा-वीस मिनिटांनी दहाबारा लोटे पुरेत. नळाचं ताजं पाणी घाईनं ओतू नका, त्यात क्लोरिन असतो. आधी बादलीत दिवसभर ठेवलेलं पाणी असेल तर थोडं बदलायला हरकत नाही.

वीज आल्यावरही एक धोका उरतो. पाणी गाळणाऱ्या यंत्रात, म्हणजे फिल्टरमध्ये, डोळ्यांना न दिसणारे उपयोगी जिवाणू असतात. माशांच्या अंगातून निघणारा विषारी अमोनिया ते निरुपद्रवी करून टाकतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तास पाणी अडून राहिलं तर ते जिवाणू मरू लागतात आणि आतलं पाणी नासतं. तोच फिल्टर तसाच सुरू केला की सगळी घाण पेटीत येते. तेव्हा आधी तो उघडा, ते पाणी फेका, आतला स्पंज पेटीतल्याच पाण्यात हलकेच खळबळून घ्या, आणि मग बटण दाबा. पुढचे दोनतीन दिवस खाणं बेतानं घाला.

ज्यांच्याकडं वीज रोजच जाते, त्यांनी आधीच तजवीज करावी. मोठ्या इन्व्हर्टरची गरज नाही. हवेच्या लहान पंपाला दोनतीन वॅट पुरतात. गणित सोपं आहे. बारा व्होल्टची, सात अँपिअर-तासांची छोटी बॅटरी घ्या. बारा गुणिले सात म्हणजे ८४ वॅट-तास. बॅटरी टिकावी म्हणून त्यातली निम्मीच वापरायची, ४२. बॅटरीवर थेट चालणारा तीन वॅटचा पंप असेल तर चौदा तासांची निश्चिंती. सेलवर किंवा मोबाईलच्या पॉवरबँकेवर चालणारे पंपही मिळतात. मात्र पंप फारच थोडी वीज ओढत असेल तर काही पॉवरबँका मोबाईल भरला असं समजून आपोआप बंद पडतात. म्हणून आणल्याबरोबर दोन तास चालवून पाहा. संकटाच्या दिवशी पहिली परीक्षा नको.

आणखी दोन गोष्टी. पंप पेटीपेक्षा खाली ठेवला असेल तर तो थांबताच पाणी नळीतून उलटं उतरून पंपात आणि जमिनीवर येऊ शकतं. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, किंवा नळीत एकाच दिशेनं हवा सोडणारी छोटी झडप बसवा. दुसरं, बॅटरी जमिनीवर ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत किती तळमजल्यांत पाणी शिरलं ते आपणांस ठाऊक आहे. वीज आणि पूर पुष्कळदा हातात हात घालून दगा देतात.

पण श्रोतेहो, सर्वांत स्वस्त तजवीज बाजारात मिळत नाही. ती म्हणजे पेटीत मासे कमी ठेवणं. गावाकडं हिवतापाच्या डासांसाठी आरोग्यसेवक हौदात गप्पी मासे सोडतात. त्यांना कुठं पंप असतो? पसरट हौद, मोकळं पाणी; प्राणवायू आपोआप मिळतो. गुरामी आणि फायटर हे मासे तर वर येऊन हवाच घेतात. गोल्डफिशचं तसं नाही. माझा पंप बंद पडला हे खरं, पण तीन माशांच्या जागेत चौदा मी ठेवले होते. तो दोष विजेवर कसा ढकलू?

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. शाळेत माशांची पेटी असेल तर मुलांना एका माशाचे कल्ले मिनिटात किती वेळा हलतात ते मोजायला सांगा. मग पंप वीस मिनिटं बंद ठेवून पुन्हा मोजा, आणि लगेच पंप सुरू करा. श्वसनाचा धडा मुलं जन्मात विसरणार नाहीत. त्याच तासाला लोट्याच्या पाळ्याही लावून द्या, आणि सुट्टीत पेटी कोण पाहणार तेही ठरवा.

आमच्या पेटीत आता तीनच मासे आहेत. बाकीचे एका स्नेह्यांच्या अंगणातल्या मोठ्या हौदात सुखरूप आहेत. गेल्या पावसाळ्यात मध्यरात्री वीज गेली. पंखा थांबल्यानं मला जाग आली, तो बाहेरच्या खोलीत पाणी ओतल्याचा आवाज. बॅटरीचा पंप चालू होता, तरी मुलगी लोटा घेऊन उभी. मी म्हटलं, “अगं, पंप आहे ना!” ती म्हणाली, “असू दे बाबा. मावशी म्हणाल्यात, पाणी उभं राहू द्यायचं नाही.”