गंगाधरपंत आणि रिकामी खुर्ची

लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं आणि मराठी फौज उत्तरेकडे निघाली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झालं, ते नांदेड-लातूरच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

पण त्या लढाईत पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना लागलेली गोळी हुकली असती तर?

डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेचा हाच गाभा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर वेगळ्याच मुंबईत पोचतात. या जगात पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. पंत मुलाच्या कचेरीत जातात, तर त्या नावाचं कुणी तिथं कामालाच नाही! आझाद मैदानावर सभा भरलेली, अध्यक्षाची खुर्ची मात्र रिकामी. शेकडो सभांचं अध्यक्षपद भूषवलेल्या पंतांना राहवतं कुठलं? ते थेट मंचावर चढतात. इथले लोक अध्यक्षीय भाषणांना कधीच विटलेले. टोमॅटो आणि अंड्यांचा मारा सुरू होतो.

क्वांटम सिद्धांताचं स्पष्टीकरण येतं ते शेवटी, मित्राशी झालेल्या गप्पांतून. तोवर वाचक पंतांच्या खोडीत आणि घालमेलीत पुरता अडकलेला असतो.

नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं आणि पत्नीच्या हस्ताक्षरात. तिला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या कथा आवडल्या, तर पुढं लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर आणि बाळ फोंडके यांच्या विज्ञानकथा वाचायला घ्याव्यात.